पाण्याची चिठ्ठी

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना संपत आली की पुढच्या टेबलावर स्टीलचं मोठं ताट येतं, वर क्रोशाचा रुमाल. रुमालाखाली घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. एकेकानं पुढं जायचं, रुमालाखाली हात घालून चिठ्ठी उचलायची आणि आपल्या बाकावर येऊन उघडायची. आत शास्त्रातलं एक वचन असतं. ते तुमचं, वर्षभराचं. घरी नेऊन कपाटाच्या आरशाच्या कोपऱ्यात खोचायचं आणि रोज संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत मोठ्यानं म्हणायचं. माणूस आजारी असेल, येऊ शकत नसेल, तर त्याच्या वाटणीची चिठ्ठी घरच्यांनी उचलायची.

पाळक दरवर्षी ताट यायच्या आधी बजावतात, "ही सोडत नाही, हे ज्योतिष नाही. कुठलंही वचन कुणालाही लागू आहे." सगळे माना डोलावतात. आणि मग जो तो चिठ्ठी ओंजळीत लपवून उघडतो. भरभराटीचं वचन आलेला माणूस शेजाऱ्याला दाखवतो. धीर धरण्याबद्दलचं आलेला घडी घालून खिशात टाकतो आणि घरी जाऊन विचार करत बसतो, आता काय वाढून ठेवलंय म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहोत, पत्रिका बघत नाही, राहुकाळ पाळत नाही; ती सगळी हौस आम्ही वर्षातून एकदा या ताटावर भागवून घेतो.

मंडळी कन्नड. मराठी घरं त्यात मूठभर, कुणी मिरजेकडची, कुणी बेळगावकडची, नोकरीपायी हुबळीला येऊन इथलीच झालेली. म्हणून ताटाच्या कडेला एका वाटीत मराठी चिठ्ठ्या वेगळ्या असतात. त्या लिहायचं काम माझ्याकडं होतं. माझं अक्षर चांगलं आहे, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी सांगतेय ती गोष्ट घडली तेव्हा मी साठी ओलांडली होती. तरुण नव्हते म्हणा. पण आता पंचाहत्तरीवरून वळून बघितलं तर ती बाई मला अगदीच पोरगी वाटते. आणि पोरगी म्हटलं तर बावळट.

माझ्या यजमानांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जन्म घालवलेला माणूस. निवृत्त झाला, आता बागकाम करीन म्हणाला, आणि वर्षाच्या आत डायलिसिसच्या मशीनला जोडला गेला. एक दिवस आड हॉस्पिटल. हातात दोन जाड सुया, नळ्यांतून बाहेर जाणारं रक्त, धुऊन परत येणारं रक्त. ते खुर्चीत पडल्यापडल्या मशीनचा आवाज ऐकायचे आणि तिथल्या टेक्निशियन पोरीला सांगायचे, "बाळा, या पंपाचं बेअरिंग गेलंय बघ." ती हसायची. मी हसायची नाही. मला त्या पंपाच्या जागी दुसरंच काहीतरी बंद पडताना ऐकू यायचं.

मशीन म्हणजे उपचार नव्हे, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. बरं व्हायचं नाहीच. चालवायचं. मुख्य शत्रू पाणी. लघवी होत नाही, म्हणजे प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. पायांत, मग पोटात, मग फुप्फुसात. त्यामुळं सकाळी मी एक तांब्या भरून ठेवायची, दिवसभराचा चहा, आमटी, औषधाचे घोट, सगळं त्यातच. आणि रोज सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुवायच्या आधी, मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघायची. अंगठा उचलला की खळगा लगेच भरला तर ठीक. खळगा तसाच राहिला तर पाणी वाढलंय. माझा दिवस त्या खळग्यानंच सुरू व्हायचा. प्रार्थनाही त्यानंतर. खळगा बघून देवाशी कसल्या सुरात बोलायचं ते ठरायचं.

अशी तीन वर्षं होत आली तेव्हा, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मी ताटापाशी गेले. ते घरी होते, आदल्या दिवशीच्या मशीननं गळून गेलेले. वाटीत दोन्ही हात घातले. उजव्या हाताची माझी, डाव्या हाताची त्यांची, असं मनाशी ठरवून दोन चिठ्ठ्या उचलल्या आणि आमच्या केशवापूर भागातल्या बायकांच्या नेहमीच्या बाकावर येऊन बसले.

माझी उघडली. दीर्घायुष्याचं वचन.

त्यांची उघडली. पाणी. नद्या. विस्तव. खोल पाण्यातून चालण्याबद्दलचं, आगीतून जाण्याबद्दलचं वचन. पुढंमागं बरंच काही होतं, पण मला ते तीनच शब्द दिसले. आणि दिसले ते माझ्याच अक्षरात! डिसेंबरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, निळ्या शाईनं, 'पाणी' या शब्दाखाली छानपैकी नागमोडी रेघ मारून मीच लिहिलं होतं. लिहिताना, हे वाचून कुणालातरी केवढा धीर येईल, असंही मनात आलं होतं. कुणालातरी, म्हणजे दुसऱ्याला.

पाळक शेवटच्या आशीर्वादाला उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. उजव्या हातातली डाव्यात दिली, डाव्यातली उजव्यात घेतली. झालं. आमेन.

घरी आले तर ते खिडकीपाशी बसले होते. "काय मिळालं मला?"

मी चिठ्ठी पुढं केली. त्यांनी चष्मा लावून वाचली, पुन्हा वाचली.

"दीर्घायुष्य? या मशीनवर?" ते म्हणाले. "देवाला विनोद कळतो म्हणायचा. आणि तुला?"

"पाणी आणि विस्तव."

"बरोबर आहे की. तुझं निम्मं आयुष्य नळावर गेलं, निम्मं गॅसपाशी."

दोन दिवस मी घरात हुतात्म्यासारखी वावरले. भांडी घासतानासुद्धा चेहरा असा की जणू जुन्या रोममधल्या ख्रिस्ती लोकांसारखी सिंहांच्या पुढ्यात उभी आहे. नवऱ्याच्या वाटचं मरण मी आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती, याचं थोडं वाईटही वाटत होतं. कुणीतरी बघायला हवं होतं हो, किती मोठं काम केलंय ते!

तिसऱ्या दिवशी घशात खवखवलं, आणि हुतात्मा पळून गेला.

मग जी भीती बसली ती सांगता येत नाही. आधी एकच भीती होती, ते जातील ही. आता दोन झाल्या. मी गेले तर? मी गेले तर यांना मशीनला कोण नेणार? तांब्या कोण मोजून भरणार? नडगीवर अंगठा कोण दाबणार? मुलगी नवनगरला, तिची शाळेची नोकरी, तिचं घर. म्हणजे मी त्यांचं मरण घेऊन त्यांनाच मारणार होते. हे चिठ्ठी बदलताना सुचलं नव्हतं. बाईसाहेब घाईत होत्या ना, हुतात्म्याला स्वर्गात मिळणारा मुकुट निघून जाईल म्हणून.

पाण्यापासून आणि विस्तवापासून मी जपायला लागले. गॅसची चांगली नळी काढून नवी घातली, आणि तरी रात्री निजायच्या आधी रेग्युलेटर बंद आहे का ते वास घेऊन बघायची. न्हाणीघरात पाय घसरेल म्हणून जुनं पोतं अंथरलं. मुलगी म्हणाली, नातवंडांना घेऊन रविवारी उणकल तळ्यावर जाऊ, अप्पांना जरा हवा लागेल. मी म्हटलं, डास असतात. ती म्हणाली, दांडेलीला एक दिवस नदीकाठी जाऊ. मी म्हटलं, नदी! त्यावर तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"आई, तुला झालंय काय?"

"काही नाही. नद्या मला पहिल्यापासून आवडत नाहीत."

"मिरजेला कृष्णेच्या काठावर वाढलीस तू!"

"म्हणूनच."

आणि रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसलं की आपापलं वचन म्हणायचं. ते सावकाश, शब्द सुटे करून त्यांचं म्हणायचे. म्हणजे माझं. मग मी त्यांचं, आगगाडी सुटल्यासारखं. पाणीनद्याविस्तव आमेन. ते डोळे मिटूनच म्हणायचे, "अगं, जरा दम घे की. स्टेशन मागं पडलं."

एकदा मार्चमध्ये माझ्या छातीत कळ आली. वायूची असणार, आदल्या दिवशी हरभऱ्याची उसळ खाल्ली होती. पण मला वाटलं, आलं. दुपारची वेळ, ते झोपलेले. मी कपाटासमोर उभी राहिले आणि आरशाच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या चिठ्ठ्या काढून हातात घेतल्या. परत बदलायच्या. ज्याचं त्याला. देवाला सांगायचं, माफ कर, माझ्या आवाक्यातलं नव्हतं हे. आरशात माझं तोंड दिसत होतं, चोरासारखं. तेवढ्यात मागून त्यांच्या घोरण्याचा आवाज आला, आणि मला ते दीर्घायुष्य त्यांच्या कोपऱ्यातून काढून माझ्यात खोचवेना. खोचलं असतं तर तो माझ्या हातानं केलेला खून झाला असता. दोन्ही चिठ्ठ्या होत्या तशा परत ठेवल्या. कळ ढेकर देऊन गेली.

हसू येतं ना? मलाही येतं आता. तेव्हा मी त्या कपाटाला कपाळ टेकून उभी होते. देव कुठल्या बाजूला आहे तेच मला समजेनासं झालं होतं. ज्याच्या वचनानं मी घाबरलेय त्याच्याकडंच धीर मागायचा कसा? प्रार्थनेला शब्द यायचे नाहीत. नुसतं 'नको, नको' यायचं. कित्येक महिने माझी प्रार्थना तेवढीच होती.

मग मे महिना आला.

हुबळीत नळाचं पाणी म्हणजे काय, ते हुबळीकरांनाच ठाऊक. आठवडा उलटला तरी नळ कोरडा, आणि मग एका सकाळी गल्लीच्या टोकाकडून आरोळी येते, 'नीर बंतु!' पाणी आलं. सगळी गल्ली धावते. पिंपं, घागरी, पातेली, पोरांच्या आंघोळीच्या बादल्या, जे हाताला येईल ते भरायचं. त्या दिवशी असंच आलं. उन्हानं भिंती तापलेल्या, आणि घरभर पाण्याचा आवाज. मी परसातल्या पिंपात पाइप सोडून आत आले, पुन्हा बाहेर गेले, स्वयंपाकघरातलं भरलं, पुन्हा बाहेर. भांडी भरायच्या आनंदात मला एक दिसलं नाही, की ज्या माणसाला तीन वर्षं तांब्यानं पाणी मोजून मिळतंय, तो त्या सगळ्या खळखळाटाच्या मधोमध बसलाय.

मी परत आले तर ते परसात होते, पिंपावर वाकलेले, पाइपला तोंड लावून. पितच होते. लहान मूल पितं तसे, हनुवटीवरून छातीवर ओघळ जाऊ देत. किती वेळ ते मला आजही ठाऊक नाही.

"अहो!"

त्यांनी मान वर केली. तोंड ओलं, आणि चेहरा इतका सुखी, की मला ओरडता आलं नाही. मी पाइप काढून घेतला. ते म्हणाले, "थोडंसंच." जन्मात खोटं न बोललेला माणूस.

मशीनची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तेवढं निभेल असं वाटलं. दुपारी जेवले, पडले. ऊन उतरायला लागलं तेव्हा ते उठून बसले आणि म्हणाले, आडवं होववत नाही. तासाभरानं त्यांना बसूनही श्वास पुरेना. नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच. श्वासात एक बुडबुड्यांचा आवाज यायला लागला, हुक्का ओढल्यासारखा. मुलीला फोन केला. "मी थेट हॉस्पिटलला येते," ती म्हणाली, "तू निघ, थांबू नकोस." कोपऱ्यावरचा ऑटोवाला ओळखीचा, त्यानं आणि मी मिळून त्यांना दोन्हीकडून धरून बसवलं.

सर्कलवर उड्डाणपुलाचं काम चाललेलं, अर्धा रस्ता खणून ठेवलेला. ऑटो थांबला. पुढं ट्रक, मागं बस, चहूकडं भोंगे. ते पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड उघडून हवा ओढत होते. ओठ जांभळे. मी पाठीवर हात फिरवत होते आणि मनात तेच चाललं होतं, नको, नको, नको. चिठ्ठी बदलली तरी पाण्यानं माणूस बरोबर शोधून काढला होता.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोटानं टकटक केलं.

"काय? काय हवंय?"

"तुझं..." श्वास. "म्हण."

"काय म्हणू?"

"वचन."

मला वाटलं, ते त्यांचंच मागताहेत, दीर्घायुष्याचं. मी ते म्हणायला लागले तर त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा गुडघ्यावर टकटक. "तुझं. पाण्याचं."

मी तोंड उघडलं आणि मला सुरुवातच आठवेना! पाच महिने रोज म्हटलेलं वचन. पाणी आठवत होतं, नद्या आठवत होत्या. पहिले शब्द नाहीत. तेवढ्यात ऑटोवाल्यानं मागं वळून बघितलं. माझं तोंड बघून म्हणाला, "हेदरब्याड्री, अम्मा." घाबरू नका. "हा ट्रक हलला की काढतो मी."

त्याला बिचाऱ्याला चिठ्ठीचं काय माहीत. पण चिठ्ठीची सुरुवात तीच होती. भिऊ नको, असंच होतं पहिलं, माझ्याच निळ्या शाईत. रोज गाडी सोडताना मी तेवढंच स्टेशन गाळत आले होते.

मग मी म्हटलं. पहिल्यापासून. सावकाश, कारण त्यांच्या श्वासाच्या मधल्या जागेत म्हणावं लागत होतं. एक श्वास आत, दोन शब्द, एक श्वास बाहेर, दोन शब्द. पाण्यातून जाशील तिथं मी असेन, असं काहीसं आहे ते, आणि नद्यांनी बुडणार नाहीस असं. एरवी मी ते पाण्याची बातमी म्हणून वाचत होते. अहो, पाणी तर त्यांच्या अंगात तीन वर्षं होतंच! त्याची बातमी देवानं कशाला द्यायला हवी? त्या ऑटोत, त्या धुळीत, ते पाण्यात आहेत हे ऐकू येत होतं मला, बुडबुड्यांसकट. वचन त्या पाण्यात दुसरं कोण आहे ते सांगत होतं, आणि मी पाच महिने पाण्याकडंच बघत बसले होते.

दर्शन वगैरे काही झालं नाही. मी त्या जातीची बाई नाही. भीतीही गेली नाही. ती माझ्या मांडीवर बसूनच होती. पण 'नको, नको' थांबलं. त्याच्या जागी दुसरे शब्द आले, एवढंच झालं. ट्रक हलला.

हॉस्पिटलात ती टेक्निशियन पोर घरी निघालेली, पर्स खांद्यावर. तिनं पर्स ठेवून दिली. डॉक्टर आले, तोंडाला ऑक्सिजन, हाताला सुया, पंप सुरू. मी पायाशी उभी. मुलगी नवनगरहून आली, घामाघूम, साडीला पीठ लागलेलं, आणि बापाचा पाय धरून नुसती उभी राहिली. त्यांच्या छातीतला तो आवाज हळूहळू, फार हळूहळू, कमी होत गेला. ज्याला ते रोज नावं ठेवायचे त्याच पंपानं ते पाणी उपसून काढलं.

बोलता येऊ लागलं तेव्हा मुलगी चहा आणायला गेली होती. त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

मी म्हटलं, "ते वचन तुमचं होतं."

"कुठलं?"

"पाण्याचं. मी बदललं, नव्या वर्षाला. तुमचं दीर्घायुष्य माझं होतं."

त्यांनी नजर छताकडं वळवली. मला वाटलं, रागावले.

"म्हणजे पाच महिने तू माझी वस्तू वापरत होतीस?"

"हो."

"न विचारता."

"हो."

"आणि मला आपली जुनी वस्तू चिकटवलीस."

"जुनी कुठं? दीर्घायुष्य होतं ते!"

तेव्हा ते जे बोलले ते मी कधी विसरले नाही. मास्कमधून, थांबत थांबत. म्हणाले, "अगं, रोज संध्याकाळी ते म्हणताना मला भीती वाटायची. पाय सुजलेले, जीव घटकेचा, आणि तोंडानं म्हणायचं की तो मला पुष्कळ आयुष्य देणार. वाटायचं, देव शब्द पाळत नाहीये, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. मग तू तुझं म्हणायचीस. पळत म्हणायचीस, पण मला सगळं ऐकू यायचं. ते ऐकायला मिळतं म्हणून मी प्रार्थनेला बसत होतो."

मी त्यांना बेअरिंगवाला समजत होते. विनोद करणारा, न घाबरणारा. एका पलंगावर झोपणारी दोन माणसं तीन वर्षं भीत होती, आपापल्या उशीवर, एकमेकांना कळू न देता. आणि मी त्यांच्यासाठी म्हणून जे मोठं काम केलं होतं, त्यानं त्यांच्या भीतीत भरच घातली होती.

"परत कर माझं," ते म्हणाले.

घरी गेल्यावर मी चिठ्ठ्या बदलल्या. ज्याचं त्याला. या वेळी कळ वगैरे काही आली नाही.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. मी सांगायला हवं की भीती कमी झाली, पण तसं झालं नाही. अंगठा रोज दाबत होते. फरक इतकाच की आता आम्ही एकमेकांना विचारायचो. "आज भीती?" "आहे. तुला?" "मलाही." मग वचन. नवीन वर्षाला नव्या चिठ्ठ्या आल्या, चांगल्या होत्या, खोचल्या. पण त्यांनी पाण्याची काही आरशातून काढू दिली नाही. म्हणाले, काम चालू असेपर्यंत हत्यार बदलायचं नसतं.

ते गेले ते एका दुपारी, घरीच. पुन्हा तोच आवाज छातीत, आणि या वेळी डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हृदय आता मशीन सोसणार नाही. मुलगी एका बाजूला, मी दुसऱ्या. त्यांनी बोटानं माझ्या हातावर टकटक केलं. मी पहिल्या शब्दापासून सुरू केलं, श्वासाच्या मधल्या जागेत. जागा मोठ्या होत गेल्या. शेवटी नुसतंच वचन उरलं. ते पाण्यातून पार झाले की कसं, ते मला या काठावरून दिसलं नाही. दिसलं म्हटलं तर खोटं होईल. त्यांची मूठ सैल होती. एवढं मी पाहिलं, आणि तेवढ्यावर मी विसंबून आहे.

आता चिठ्ठ्या तरुण मंडळी करतात. कॉम्प्युटरवर, रंगीत, कडेला गुलाबाची फुलं. गेल्या डिसेंबरात मी सहज चाळून बघितल्या. आनंद, आशीर्वाद, यश, पुन्हा आशीर्वाद. पाणी नाही, विस्तव नाही. अश्रूसुद्धा नाहीत.

"हे काय रे? बाकीची वचनं कुठं गेली?"

"अज्जी, नव्या वर्षाला लोक घाबरतात ना. म्हणून पॉझिटिव्ह तेवढीच घेतली."

"हो का," मी म्हटलं. "छान केलंत."

आणि घरी येऊन निळ्या शाईचं पेन काढलं. हात थरथरतो, अक्षर आता कोंबडीच्या पायांसारखं येतं. तरी थोड्या लिहिल्या. फुलांचे कागद दिवाणखान्यातल्या जुन्या कॅलेंडरातून कापून चिकटवले, म्हणजे बाहेरून ओळखू येऊ नये. पहिल्या सकाळी ताटाला रुमाल घालायच्या निमित्तानं वाटीत सोडून दिल्या. आमच्या मंडळीत म्हाताऱ्या बाईच्या हाताकडं कुणी बघत नाही. फार सोयीचं असतं ते.

आशीर्वादाच्या वेळी मी डोळे उघडे ठेवले. आता तर मला सवयच आहे. दोन बाकं सोडून एक मराठी मुलगी बसली होती, नुकती लग्न होऊन धारवाडहून आलेली. तिची आई कित्येक महिने तिच्याकडंच अंथरुणाला खिळलेली, हे सगळ्यांना ठाऊक. तिच्या दोन्ही हातांत एकेक चिठ्ठी. आणि मी बघते तर डाव्यातली उजव्यात चालली होती.

माझे गुडघे दुखतात, पण आमेन व्हायच्या आत मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"बदलू नकोस," मी कानात म्हटलं.

ती दचकली. "मी कुठं, अज्जी..."

"अगं, या धंद्यात मी तुझ्या आधीपासून आहे. आईची कुठली?"

तिनं मूठ उघडली. पाणी, नद्या, विस्तव. नागमोडी रेघ. तिचे डोळे भरले. "हे मी तिला कसं वाचून दाखवू? घाबरेल ती."

"ती घाबरलेलीच आहे. तुला सांगत नाही, एवढंच. आज वाच तिला. पहिल्या शब्दापासून, आणि सावकाश. घाई करायचा मान माझा, तो मी घेऊन टाकलाय."

ती कागद उलटसुलट करत राहिली. मग नाक पुसून म्हणाली, "बाकीचे सगळे छापलेले आहेत. हेच हातानं कुणी लिहिलंय? अक्षर बघा की कसलं."

"असेल कुणीतरी म्हातारं," मी म्हटलं. "डोळ्यांना दिसत नसेल बिचारीला."

मग माझी चिठ्ठी उघडली. फुलाफुलांची, छापील. दीर्घायुष्य. पुन्हा! अय्यो देवा, अजून किती? या वयात, रिकाम्या पलंगावर, त्या वचनाची भीती कशाला म्हणतात ते आमच्या यजमानांना मी आता सांगू शकले असते. क्षणभर त्या मुलीच्या हाताकडं नजर गेली, खोटं कशाला बोलू. पण तिनं मूठ घट्ट मिटली होती.

म्हणून घरी आणली आणि आरशात खोचली. दुसऱ्या कोपऱ्यात त्यांची आहेच, शाई फिकटलेली. संध्याकाळी आधी माझं म्हणून टाकते, आणि मग त्यांचं, सावकाश.